इराणी हॉटेल : हैदराबाद शहराचे सामाईक मेज

शहराचा इतिहास लिहिताना आपण इमारती, फर्माने, लढाया आणि थोर पुरुष यांच्याकडे वळतो. हैदराबादचा इतिहास म्हटला की चारमिनार, निजामाचे दफ्तर आणि १९४८ ची पोलीस कारवाई डोळ्यांसमोर येते. या शहरातील लाखो माणसांनी आयुष्यातील काही हजार तास ज्या ठिकाणी घालविले त्या हॉटेलाची नोंद मात्र इतिहासात क्वचितच आढळते. याचे कारण उघड आहे. हॉटेलला दफ्तर नसते. बिल दिले की कागद फाडला जातो, बोललेले हवेत विरते आणि मालक बदलला की पाटीही बदलते. तरीही हैदराबादच्या इराणी हॉटेलांचा विचार केल्याखेरीज या शहरात परक्या माणसांनी एकमेकांशेजारी बसायला कसे शिकले हे समजणार नाही, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात याच एका मुद्द्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. हैदराबादच्या उर्दूत आणि आपल्या मराठीत मात्र हॉटेल म्हणजे चहा पिण्याची व जेवण्याची जागा. दोन्ही भाषांनी परका शब्द घेतला आणि त्याला एकच नवा अर्थ दिला, याला कारण आहे. घराबाहेर विकत मिळणाऱ्या अन्नासाठी दोन्ही भाषांत शब्द नव्हते असे नाही. पण ते शब्द बरोबर ओझे घेऊन येत. उर्दूतील भटियारखाना हा शब्द गोंगाट आणि हलकेपणा यांचा वाचक झाला होता. शरीफ माणूस तेथे जेवत नसे. मराठीतील खाणावळ ही बहुधा एका जातीची, ओळखीच्या माणसांची असे. ज्या जागेत कोणीही जावे आणि जाण्याने कोणाची इज्जत कमी होऊ नये, अशा जागेसाठी नवा शब्दच हवा होता.

हॉटेलापूर्वीचे दस्तरख्वान

जुन्या हैदराबादेत घराबाहेर जेवणे म्हणजे दावतीला जाणे. अमीर-उमरावांच्या देवड्यांमध्ये मोठमोठे बावर्चीखाने असत. बिर्याणी, कबाब, खुबानीचा मिठा हे पदार्थ तेथे सिद्ध होत आणि दस्तरख्वानावर कोण कोठे बसणार हे दर्जानुसार ठरे. मेजबान आणि मेहमान यांच्यातील नाते गोड असले तरी समान नसते. खाणारा उपकृत असतो. दर्ग्यातील लंगरात मोठी समानता होती. पण तेथेही माणूस दान घेणारा असे, गिऱ्हाईक नसे. रेल्वे आल्यावर स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुस्लिम पाणी अशा वेगळ्या व्यवस्था झाल्या. खाणावळींत तर पानावर बसण्यापूर्वीच जात विचारली जाई.

या सर्व व्यवस्थांत एक गोष्ट समान होती. ताट पुढे येण्यापूर्वी ‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. इराणी हॉटेलने हा प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी दुसरा प्रश्न आणला, ‘काय देऊ?’ बदल लहान दिसतो, पण त्याचा परिणाम दूरवर झाला.

इराणहून दख्खनेत

हैदराबाद आणि इराण यांचे नाते हॉटेलांपेक्षा फार जुने आहे. १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने हे शहर वसविले तेव्हा त्याचा पेशवा मीर मोमिन हा इराणमधील अस्तराबादचा होता, आणि शहराच्या रचनेत त्याचा मोठा वाटा मानला जातो. आसफजाही राज्यात १८८० च्या दशकापर्यंत फारसी ही कारभाराची भाषा होती. त्यामुळे इराणी माणूस या शहरात अगदीच परका नव्हता.

हॉटेलवाले इराणी मात्र विद्वान किंवा दरबारी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७० ते १८७२ च्या भीषण दुष्काळानंतर, यज्द आणि कर्मान भागांतील गरीब कुटुंबे हिंदुस्थानकडे येऊ लागली. मुंबई हे त्यांचे पहिले बंदर. तेथून काही पुण्याला व काही हैदराबादला आले. मुंबईच्या इराणी हॉटेलवाल्यांत जरथुश्ती आणि मुस्लिम असे दोन्ही होते. हैदराबादेत शिया मुस्लिम इराण्यांचे प्रमाण अधिक राहिले. भांडवल थोडे, नातेवाइकांची साथ आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत काम करण्याची तयारी एवढ्यावर त्यांनी धंदा उभा केला.

त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यावरील जागा पसंत केल्या. कोपऱ्याची जागा अशुभ मानून स्थानिक व्यापारी ती टाळत, म्हणून ती स्वस्तात मिळे, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोपऱ्याचा फायदा स्पष्ट होता. दोन रस्त्यांना दोन दरवाजे. एका बाजूने आत यावे, दुसऱ्या बाजूने बाहेर पडावे. रस्ता हॉटेलातून जातो की हॉटेल रस्त्यावर पसरले आहे हे कळू नये अशी ती रचना होती. देवडीला एक मोठा दरवाजा आणि त्यावर पहारेकरी. इराणी हॉटेलला दोन दरवाजे आणि पहारेकरी नाही. माझ्या मते या वास्तूचा सामाजिक अर्थ एवढ्यातच सामावलेला आहे.

चहाचे रूपांतर

इराणी चहा हे नावही थोडे फसवे आहे. इराणात चहा बिनदुधाचा पितात आणि साखरेचा खडा दातांत धरून घोट घेतात. मुळात इराण हा कॉफी पिणारा देश होता. तेथील चहाच्या दुकानाला आजही कहवाखाना म्हणजे कॉफीचे घर म्हणतात, पण पेल्यात चहा असतो. आणखी गंमत अशी की, इराणच्या चहाच्या लागवडीचे मूळ हिंदुस्थानात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील इराणचे वकील काशिफ-उस-सलतनत यांनी कांगडा भागातून चहाची रोपे नेऊन लाहिजान येथे लागवड केली. म्हणजे चहा येथून तिकडे गेला आणि चहावाले तिकडून इकडे आले.

हिंदुस्थानातही चहा फार जुना नाही. सामान्य माणसाला चहाची सवय लावण्यासाठी मळेवाल्यांनी मोठा प्रचार केला. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्यासाठी निधी उभारण्यात आला. या प्रचाराचे फळ ज्यांनी शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर विकले त्यांत इराणी अग्रभागी होते.

हैदराबादी इराणी चहा करण्याची रीत वेगळी आहे. पत्ती आणि पाणी मोठ्या भांड्यात घालून, तोंड बंद करून, मंद आचेवर दम देतात. दूध वेगळ्या भांड्यात आटत ठेवलेले असते. कपात दोन्ही एकत्र येतात. बिर्याणीचा दम आणि चहाचा दम या शहरात शेजारी शेजारी नांदले. साखर इतकी की चमचा उभा राहावा, म्हणून ‘खडे चमचे की चाय’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. सोबत उस्मानिया बिस्किट, अर्धे गोड आणि अर्धे खारट. हे बिस्किट उस्मानिया दवाखान्यातील रुग्णांसाठी प्रथम तयार झाले अशी आख्यायिका आहे. मैद्याच्या चौकोनी पारीत खिमा भरलेली लुखमी ही मात्र दावतींच्या दस्तरख्वानावरून हॉटेलच्या काचेच्या कपाटात उतरली.

बसण्याचा हक्क

इराणी हॉटेल खरोखर काय विकत होते? चहा, असे उत्तर अपुरे आहे. चहाच्या किमतीत संगमरवरी माथ्याचे मेज, लाकडी खुर्ची, डोक्यावर पंखा, समोर आरसा आणि मेजावरचे उर्दू वर्तमानपत्र हे सर्व मिळे. वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन चार मेजांवर फिरत. पैसे कमी असतील तर ‘वन बाय टू’ म्हणावे. एक चहा दोन कपांत येई आणि दोघांना बसता येई. बसण्याची ही मुदत कोणी मोजत नसे.

निजामी राज्यात या बसण्याला वेगळे महत्त्व होते. मराठवाड्यातील वाचकांना ‘गश्ती निशान ५३’ हे नाव परिचित असेल. १९२० च्या दशकातील या निर्बंधामुळे सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. वाचनालये, शाळा, तालमी यांवरही सरकारी नजर असे. अशा काळात चार माणसांनी चहाच्या निमित्ताने एका मेजाभोवती बसणे याला परवानगी लागत नव्हती. सर्व चळवळी हॉटेलात जन्मल्या असा दावा करण्याचा माझा हेतू नाही. पण सभा बंद असलेल्या शहरात गप्पांना छप्पर होते, ही गोष्ट इतिहासकाराने विसरू नये.

मराठी माणसांचा या मेजाशी संबंध जुना आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मनमाडकडून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे येणारी गाडी काचीगुड्याला माणसे उतरवीत असे. कोणी हायकोर्टाच्या कामाला, कोणी १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात, कोणी सिटी कॉलेजात. नरहर कुरुंदकर हे सिटी कॉलेजचे विद्यार्थी, आणि त्यापूर्वी काही काळ कवी मखदूम मोहिउद्दीन तेथे उर्दू शिकवीत होते. सुलतान बाजार व काचीगुडा भागांत मराठी वस्ती होती, १९०७ पासूनची विवेकवर्धिनी शाळा होती, आणि जवळच इराणी हॉटेले होती. माझे वडील १९६८ च्या सुमारास नांदेडहून नोकरीच्या शोधात हैदराबादला आले. राहण्याचा ठिकाणा नव्हता, म्हणून त्यांनी अर्जावर काचीगुड्याच्या एका इराणी हॉटेलचा पत्ता घातला होता. गल्ल्यावरच्या मालकाने तीन महिने त्यांची टपाल सांभाळली. वडील सांगत, ‘‘त्याने माझे नाव पहिल्यांदा विचारले ते पाकिटावरचे नाव जुळवायला.’’

१९४८ नंतर

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने राज्य संपले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. जहागीर गेली तशी देवडीची चूलही मंदावली. ज्यांच्या पिढ्या देवड्यांच्या बावर्चीखान्यांत गेल्या होत्या अशा अनेकांना दुसरा धनी शोधावा लागला. काही लग्नाच्या पक्वानाकडे वळले, काही हॉटेलांत आले. आबिड्सवर १९३५ पासून इराण्यांचे ग्रँड हॉटेल होते. १९५३ साली सिकंदराबादेत पॅराडाइज हे लहानसे हॉटेल सुरू झाले आणि पुढे त्याचे नाव बिर्याणीशी कायमचे जोडले गेले. जे अन्न पूर्वी आमंत्रणाशिवाय मिळत नव्हते ते आता खिशातील पैशावर मिळू लागले. एका सरंजामाचा अंत आणि एका पदार्थाचे लोकशाहीकरण या दोन घटना एकाच दशकात घडल्या, हा योगायोग नाही.

हलीमचेही असेच झाले. अरबी हरीसपासून आलेला हा पदार्थ जुन्या शहरातील अरब वस्तीत आणि अमिरांच्या घरी होता. हॉटेलवाल्यांनी तो रमजानच्या संध्याकाळी रस्त्यावर आणला. भट्टीवरील देगेपुढे रोजा सोडणारे आणि रोजा नसलेले एकाच रांगेत उभे राहू लागले. २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक निर्देशांक मिळाला. देशात मांसाच्या पदार्थाला मिळालेला तो पहिलाच.

भाषेच्या दृष्टीने १९४८ नंतरचा काळ अधिक विचार करण्यासारखा आहे. उस्मानिया विद्यापीठातून उर्दू माध्यम गेले आणि इंग्रजी आले. कचेऱ्यांतूनही उर्दू मागे पडली. ज्या भाषेला राजाश्रय होता तिला आता आसरा शोधावा लागला. तो मुशायऱ्यांत मिळाला, १९४९ साली निघालेल्या ‘सियासत’सारख्या दैनिकात मिळाला, आणि हॉटेलच्या मेजावरही मिळाला. आबिड्सवरील ओरिएंट हॉटेल हे यातील सर्वांत नामांकित ठिकाण. मखदूम, ‘सबा’ मासिकाचे संपादक सुलेमान अरीब आणि त्यांचे मित्र तेथे बसत. नवे लिहिणारे तरुण शेजारच्या मेजावर बसून ऐकत. मखदूम हे कामगार चळवळीचे पुढारी आणि कम्युनिस्ट. त्यांच्या भेटीला येणाऱ्यांत मजूर, विद्यार्थी, पत्रकार सर्वच असत. जे वर्ग विद्यापीठात बंद झाले त्यांतील काही जणू या मेजाभोवती भरत राहिले. यासाठी ना अनुदान लागले ना अभ्यासक्रम मंडळ.

खाण्यावरून भांडणेही झाली. १९५२ च्या मुल्की आंदोलनात मद्रास-आंध्र भागांतून आलेल्या नोकरदारांविरुद्ध ‘इडली-सांबार परत जा’ अशी घोषणा शहरात घुमली. अन्नाच्या नावाने माणसाला परका ठरविण्याचा हा प्रकार होता. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. इडली राहिली. आज जुन्या शहरातील माणूस सकाळी इडली आणि संध्याकाळी इराणी चहा घेतो आणि त्याला यात विसंगती वाटत नाही. घोषणेपेक्षा हॉटेलची स्मृती अधिक उदार ठरली.

मेजाच्या मर्यादा

येथवरचे वर्णन वाचून इराणी हॉटेल म्हणजे समतेचे मंदिर होते असा समज होऊ नये. इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्या आवडत्या विषयाशीही कठोर असले पाहिजे.

पहिली मर्यादा स्त्रियांची. हे मेज जवळजवळ पूर्णपणे पुरुषांचे होते. फॅमिली रूम म्हणून पडद्याआड किंवा माडीवर चार खुर्च्या असत. तेथे कुटुंबासह जेवता येई, पण एकट्या स्त्रीने वर्तमानपत्र उघडून तासभर बसणे कल्पनेतही नव्हते. याच काळात जीलानी बानो, जीनत साजिदा यांच्यासारख्या लेखिका हैदराबादेत उत्तम लिहीत होत्या. पण ओरिएंटसारख्या मेजावरील रोजची चर्चा ही पुरुषांची मिरास राहिली.

दुसरी मर्यादा कामगारांची. गिऱ्हाईक गिऱ्हाइकाच्या बरोबरीचे झाले, पण कप धुणारा मुलगा बरोबरीचा झाला नाही. गावाकडून आलेली दहा-बारा वर्षांची मुले हॉटेलात राबत आणि मेजाखालीच झोपत. हॉटेले व ढाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली ती ऑक्टोबर २००६ मध्ये. आपण ज्या निवांत गप्पांचे गोडवे गातो त्यांची किंमत कोणाच्या तरी बालपणाने मोजली होती.

तिसरी मर्यादा शहराच्या वेशीची. हैदराबादेत एकच कप सर्वांच्या ओठी लागत असता, तेलंगणातील आणि दक्षिणेतील अन्य खेड्यांत चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळे पेले ठेवण्याची चाल दीर्घकाळ टिकली. हैदराबादच्या एखाद्या हॉटेलात निर्धास्त चहा पिणारा माणूस गावी परतला की पुन्हा वेगळ्या पेल्याकडे ढकलला जाई. म्हणूनच राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेशाचा हक्क स्वतंत्रपणे नमूद करावा लागला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा दुकान या शब्दाची व्याप्ती विचारण्यात आली. डॉ. आंबेडकरांनी हा शब्द व्यापक अर्थाने घेतल्याचे आणि सेवा देणारी ठिकाणे त्यात येत असल्याचे स्पष्ट केले. चहाच्या मेजाची गोष्ट किती मोठी आहे, हे घटनाकारांना नेमके ठाऊक होते.

ऱ्हास आणि समारोप

गेल्या दोन-तीन दशकांत अनेक इराणी हॉटेले बंद पडली. ओरिएंट तर केव्हाच गेले. कारणे व्यवहारी आहेत. रस्ता रुंद करायचा झाला की कोपऱ्याची इमारत आधी पडते. ज्या कोपऱ्याने हॉटेलला जन्म दिला त्याच कोपऱ्याची जमीन आता सोन्याच्या मोलाची झाली. नवी पिढी शिकून परदेशी गेली. मुख्य म्हणजे, एका चहावर तासभर बसू देणे हे आजच्या भाड्यात परवडत नाही. अनेक ठिकाणी खुर्च्या काढून उभ्याने पिण्याचे ओटे आले आहेत. चहा तोच आहे, बिस्किट तेच आहे. बसणे तेवढे गेले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिल्यानंतर शहराच्या पश्चिमेला नवी कॅफे निघाली. तेथे तरुण मुली निर्धास्त एकट्या बसतात, ही जुन्या मेजाला न साधलेली गोष्ट तेथे साधली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथील एका कॉफीच्या दरात हमालाला दोन वेळचे जेवण होते, त्यामुळे हमाल तेथे जात नाही.

काही हॉटेले हात बदलून टिकली. इराण्याच्या हॉटेलात झाडू मारायला लागलेला गावाकडचा हिंदू मुलगा पुढे त्याच हॉटेलचा मालक झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण याच शहरात आहे. गिऱ्हाइकाने चहाची चव तपासली, मालकाचे नाव तपासले नाही.

हे लिहिताना जुलै २०२४ मधील घटना आठवते. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील हॉटेलवाल्यांना आपली नावे पाटीवर लावण्याचे आदेश निघाले. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे एवढे सांगणे पुरे, मालकाचे व नोकरांचे नाव सांगण्याची सक्ती नको, असा त्याचा आशय होता. हैदराबादच्या मेजाने शंभर वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला ‘आपण कोण?’ हा प्रश्न पुन्हा विचारला जात होता, फक्त या वेळी तो वाढणाऱ्याला होता.

सारांश, इराणी हॉटेलने कोणाला उदात्त तत्त्वज्ञान शिकविले नाही. त्याच्या मालकांनी धंदा केला आणि धंद्याच्या सोयीसाठी कोणालाही नाव न विचारता चहा दिला. पण सवय पुष्कळदा तत्त्वापेक्षा खोल जाते. अजून जी थोडी हॉटेले उरली आहेत त्यांच्या जुन्या मालकांच्या, वाढप्यांच्या आणि रोजच्या बैठकवाल्यांच्या आठवणी आमच्या विद्यार्थ्यांनी उर्दूत, मराठीत, तेलुगूत टिपून ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. हॉटेलला दफ्तर नसते. ही माणसेच त्याचे दफ्तर आहेत, आणि ते झपाट्याने मिटत चालले आहे.